वादिकचा गुडघा आणि आठ मार्चचा खेळ

२ फेब्रुवारी

ग्लाशा, तू ही वही उघडशील तोवर ती कुणी पाठवली हेच विसरली असशील, म्हणून आधी सांगते: मी अवदोत्या. तुझी थोरली बहीण. लहानपणी गाय मी राखली म्हणून तू शाळेत गेलीस, तीच. गेल्या पत्रात वादिकच्या गुडघ्याची हकीगत मी दोन पानं भरून कळवली आणि तुझं उत्तर आलं, ‘वादिकची दाढ आता कशी आहे?’ दाढ! म्हणून या खेपेला पत्र नाही. जे घडेल ते या वहीत उतरवायचं आणि वही भरली की तुझ्याकडे धाडायची. विसरलीस की मागचं पान उलट.

अक्षर माझं नाही हे तुला सांगायला नको. बायकांना लिहायला शिकवायचा वर्ग गावात निघाला होता तेव्हा मी गेले होते चार दिवस. पण वर्गात शेगडी होती आणि मी दिवसभर लाकडं फोडून जायचे. शेगडीजवळ बसलं की डोळा लागायचा. माझ्या वाट्याला नुसती सही आली. हे लिहितेय रिम्मा. आमच्या मधल्या खोलीत राहते, वादिकच्या मंडळीत नाचते. मी सांगते, ती लिहिते. मधेच थांबून खिडकीबाहेर बघते. नाचणाऱ्यांचं तसंच असतं.

तर गुडघा. वादिक माझा नातू, माझ्या लीदाचा मुलगा. लीदा उत्तरेकडे खाणीवर कामाला गेली ती तिकडचीच झाली आणि पोर माझ्याजवळ राहिलं, एवढं तरी तुला आठवत असेल. बारा वर्षं तो इथल्या नाट्यगृहात राजपुत्र होऊन उड्या मारत होता. गेल्या शरदात उजव्या गुडघ्यात काहीतरी फाटलं. डॉक्टर म्हणाले, ‘आणखी एक हंगाम उड्या मारल्यास तर चाळिशीला काठी घेशील.’ तेहतीस वर्षांचा आहे. त्याने नाट्यगृह सोडलं आणि आता म्हणे निर्माता झालाय. निर्माता काय करतो ते मी दोन महिने बघतेय. टेलिफोनवर ओरडतो, मग टेलिफोन ठेवून भिंतीवर ओरडतो.

अकरा नाचणारे जमवलेत. आठ मार्चला, बायकांच्या सणाला, बेलाया सोस्नोव्काला पहिला खेळ आहे. कागदाच्या कारखान्याचं गाव ते, तिथल्या सांस्कृतिक भवनात. तो रंगला तर आसपासची चार कारखान्यांची गावं बोलावणार आहेत. नाही रंगला तर? काल जेवताना मी विचारलंच.

‘तर शरदात परत नाट्यगृहात जाईन. घेतील ते मला.’

‘आणि गुडघा?’

‘सुई टोचून घेतली की दुखत नाही, आजी.’

‘दुखत नाही म्हणजे बरा झाला का रे, गाढवा?’

सूप अर्धं टाकून उठला. बीटचं सूप, तेही माझ्या हातचं. मीठ जास्त झालं असणार.

९ फेब्रुवारी

सरावाला यांना बागेतल्या जुन्या व्यायामशाळेचा हॉल मिळालाय. आज बघायला गेले. पोरं घसरत होती आणि वादिक बुटांना फासायच्या राळेच्या पेटीत आणखी राळ ओतत होता. मी म्हटलं, झारी कुठाय? तर झारीच नाही! निर्माते झाले, पण झारी नाही.

एकतीस वर्षं मी नृत्यशाळेच्या जमिनी पुसल्या, ग्लाशा. पावलं कशी टाकायची ते शिकवायला मोठमोठ्या बाई होत्या, पण जमीन कशी आहे ते मला विचारायचे. तास सुरू व्हायच्या आधी झारीने पाणी शिंपडायचं. भिजवायचं नाही. उन्हातून आलेला माणूस तोंडावर पाण्याचा हबका मारतो ना, तेवढंच. मग लाकूड पाय धरतं. वादिक पाच वर्षांचा असल्यापासून माझ्यामागे बादली धरून यायचा. एकदा मी वळून बघते तर बादली जमिनीवर आणि हा भिंतीच्या दांडीला लोंबकळतोय. मोठ्या बाई आल्या. ‘हा कुणाचा?’ म्हटलं, माझा. त्यांनी त्याचा पाय हातात घेऊन असा वळवून बघितला, जसा बाजारात घोड्याचा बघतात. दहाव्या वर्षी शाळेत घेतला.

म्हणजे त्या गुडघ्याला मीच कारण, असं तू मनात म्हणतेयस. ऐकू येतंय मला इथवर.

१४ फेब्रुवारी

वादिकची बॅग आवरायला घेतली तर तळाशी निळा कोट. राजपुत्राचा, चंदेरी कशिद्याचा. स्वतः धुतलेला, स्वतः इस्त्री केलेला. ज्या माणसाला मोजे सापडत नाहीत त्याने!

‘हा कशाला?’

‘तिमूरसाठी, आजी. जादा असावा एक.’

तिमूर म्हणजे यांचा आताचा राजपुत्र. पोरगा गुणी आहे, पण खांदे असे की दारातून आडवा यावा लागतो. मी म्हटलं, हा कोट त्याला कोपरापर्यंतसुद्धा चढणार नाही. तर म्हणे, ‘चहा आहे का?’ निर्मात्यांना मापाचं काही कळत नाही असं दिसतं. लिही, रिम्मा. थांबलीस का?

(ग्लाफिरा प्रोखोरोव्ना, एवढ्या ओळी माझ्या आहेत. आजींना वाचता येत नाही याचा फायदा घेतेय, क्षमा करा. कोट वादिमने, म्हणजे तुमच्या वादिकने, स्वतःसाठीच ठेवलाय. रोज पहाटे सगळ्यांच्या आधी तो हॉलवर जातो आणि एकटा उड्या मारतो. मी दोनदा दारातून पाहिलंय. उडी सुंदर येते. मग तो भिंतीला टेकून बराच वेळ उभा राहतो. आजींना सांगायला माझी जीभ रेटत नाही. रि.)

२६ फेब्रुवारी

आज जाहिरातीचा कागद छापून आला. मला वाचता येत नसलं तरी वादिकच्या नावाचा आकार मी कुठेही ओळखते. बारा वर्षं नाट्यगृहाच्या दारावर बघितलाय, डावीकडे वर, जाड. या कागदावर तिथे तिमूरचं नाव. शोधत शोधत खाली आले तर अगदी तळाला, मुंगीएवढं.

‘तुला कोपऱ्यात का घातलंय?’

‘निर्मात्याचं नाव तिथेच असतं, आजी.’

‘मग वाचणार कोण?’

‘कार्यक्रम पडला तर सगळे वाचतील,’ म्हणाला आणि हसला. बरं वाटलं. हसतोय म्हणजे मजेत आहे.

५ मार्च

मुलींचे घेरदार झगे इस्त्री कोण करणार यावर दोन दिवस वाद चालला होता. मी म्हटलं, मी येते. वादिक म्हणाला, ‘बसने पाच तास लागतात. तुझी कंबर?’ मी म्हटलं, माझी कंबर मी घेऊन येईन, तू तुझी माणसं आण.

७ मार्च

सकाळी निघायच्या आधी, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून, रीतीप्रमाणे सगळे मिनिटभर गप्प बसलो. अकरा नाचणारे आमच्या स्वयंपाकघरात, एकमेकांच्या मांडीवर. तिमूर स्टुलावरून सांडला तेवढंच. दुपारी बेलाया सोस्नोव्का. आता संध्याकाळ आहे, हात सोड्याने सोलून निघालेत, आणि रिम्माचेही, म्हणून अक्षर वाकडं आलं तर तिला नावं ठेवू नकोस.

भवनाच्या संचालिका झिनाइदा मकारोव्ना दारातच उभ्या. केस डोक्यावर गोल पावासारखे रचलेले, छातीवर लाल पिन. पोरांना चहासुद्धा विचारला नाही, वादिकच्या दंडाला धरलं आणि थेट रंगमंचावर.

‘बघा, वादिम ल्वोविच! तीन दिवस! सहा बायका तीन दिवस गुडघ्यांवर!’

ग्लाशा, जमीन अशी चमकत होती की वरचे दिवे तिच्यात खालून पेटल्यासारखे दिसत होते. मेण. बोटभर नसेल, पण नखभर नक्की. बॅले येणार म्हणून त्या बापड्यांनी जमीन आरशासारखी घासली होती. खोली सजवतो तशी.

‘अप्रतिम,’ वादिक म्हणाला. मानेला दोरी लावलेल्या माणसाचा आवाज.

तेवढ्यात तिमूरला जोर चढला. आपण आलो आहोत हे गावाला कळावं म्हणून तो धावत गेला आणि उडाला. उडाला छान. उतरला तेव्हा पाय एकीकडे आणि तो दुसरीकडे. घोटा बघता बघता बनपावासारखा फुगला. पोरींनी बुटांना राळ फासून बघितली, तर मेणात राळ मिसळून नुसता चिकट काला झाला. एक पोरगी रडायला लागली, मग तिचं बघून दुसरी.

वादिक तिमूरजवळ बसला. बसताना उजवा पाय लांब सोडून बसतो हल्ली. घोटा दाबून बघितला आणि शांतपणे म्हणाला, ‘उद्या याच्या जागी मी.’

मग ही रिम्मा, जी घरात मांजरासारखी असते, ती एवढ्या मोठ्याने म्हणाली, ‘तुम्ही नाचणार असाल तर मी नाचणार नाही.’

‘रिम्मा, मी निर्माता आहे.’

‘मग निर्मातेच राहा!’

दोघं लाल झाली. कशावरून एवढं भांडण, मला काही उमगलं नाही. पाच तास पोटात काही नव्हतं, म्हणून असेल. रिम्मा म्हणते हे लिहायला नको. लिही.

मी तिमूरचा पाय खिडकीबाहेरच्या बर्फात खुपसला आणि म्हटलं, कोण नाचणार ते मागून ठरवा. आधी नाचणार कशावर ते बघू. पण झिनाइदा मकारोव्नाला सांगायचं कुणी? ती बाजूला हात जोडून उभी, कौतुकाची वाट बघत. वादिकला तिच्यासमोर तोंड उघडवेना. म्हणून मी गेले.

‘बाई, मेण कुठलं हो हे?’

‘कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या खोलीसाठी येतं ते!’

‘दिसतंयच. एकतीस वर्षं जमिनी पुसल्या मी, पण असली जमीन बघितली नाही.’ तिचा चेहरा फुलला. ‘आता ही खरवडून काढायला लागेल.’

‘काय म्हणालात?’

‘यावर माझी मुलं उद्या एक तर पडतील, नाहीतर आपलं तोंड बघत बसतील.’

‘आम्हाला कुणी सांगितलं नाही!’

‘नाहीच सांगितलं. चूक आमची. याने दिवे किती, पडदा केवढा, चहा कधी, सगळं कागदावर लिहून पाठवलं. जमिनीला काही लावू नका एवढंच लिहिलं नाही. आमच्यात ते कुणी लिहीतच नाही, ते सगळ्यांना ठाऊकच असतं असं आम्ही धरून चालतो.’

ती रडली. खरंच रडली, डोळ्यांतलं काजळ गालावर आलं. मग नाक पुसलं, केस चाचपले आणि टेलिफोनकडे गेली. ‘ल्यूबा, सगळ्यांना घेऊन ये. हो, आत्ता. नाही, लावायला नाही... विचारू नकोस, ये.’

सणाचा स्वयंपाक टाकून सहाही जणी आल्या. कुणाच्या हाताला अजून बटाट्याचं साल चिकटलेलं. ल्यूबा म्हणजे चांगली रुंद बाई, कारखान्यात कागद दाबायचं यंत्र चालवते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तीन दिवस लावलं ते काढायचं, आणि परवा पुन्हा लावायचं. ठीक आहे, कारखान्यात तरी वेगळं काय करतो आम्ही?’

कढत पाणी, धुण्याचा सोडा, पत्र्याच्या पट्ट्या. सहा त्या, मुली पाच, पोरं, सगळे ओळीने गुडघ्यांवर. वादिकला गुडघ्यावर बसता येत नाही म्हणून त्याने बादल्या वाहिल्या. किती ते मोजलं नाही, पण भवनाची टाकी आटली. अंधार पडायच्या आत खालचं लाकूड दिसलं, खरं, खरखरीत, गरीब लाकूड. मग मी साखरेचं अगदी पातळ पाणी करून एक हात फिरवला आणि रिम्माला म्हटलं, उभी राहा बोटांवर. उभी राहिली. पाय धरला जमिनीने.

वादिक मात्र हसला नाही. तो तिमूरच्या घोट्याकडे बघत होता.

९ मार्च

काल लिहायला सवड नव्हती. आज सगळं सांगते आणि खरं खरं सांगते.

सकाळी भवनाची नर्स आली. तिमूरचा पाय बांधला आणि म्हणाली, ‘उभं राहायला हरकत नाही, मुलगी उचलायला हरकत नाही. उडी मारलीस तर मी स्वतः येऊन दुसरा पाय मोडीन.’ वादिकने मान हलवली. बॅग उघडली, निळा कोट काढला आणि अंगात घातला. बटणं लावली. एकही सुरकुती नाही.

‘तिमूरसाठी होता ना?’ मी म्हटलं.

‘आजी, आत्ता नको.’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, ग्लाशा. एवढी मी शहाणी, आणि तीन आठवडे त्या कोटाचं माप काढत बसले होते. इस्त्रीच्या टेबलावरच बसले. दांडीला लोंबकळणारं ते पोर डोळ्यांपुढे येत होतं आणि मला एक शब्द सुचेना. मला! हवं तर खूण करून ठेव, पुन्हा असं व्हायचं नाही.

खेळाला दोन तास उरले असताना झिनाइदा मकारोव्ना धावत आली. ‘वादिम ल्वोविच, पडदेवाला झोपला!’

‘उठवा.’

‘उठत नाही. दिवेवाला आणि टेपवालाही त्याच्या शेजारीच आहेत. सकाळपासून बायकांच्या आरोग्यासाठी पीत होते.’

आठ मार्चला असं होणार हे रशियातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. निर्मात्याला ठाऊक नव्हतं. बिचाऱ्याला बारा वर्षं पडदा आयता उघडून मिळाला.

तो कोट घालून उभा. समोर पडद्याचा दोर, शेजारी टेपरेकॉर्डर, बाहेर साडेतीनशे बाया येऊन बसायला लागलेल्या, आवाज ऐकू येत होता. त्याने दोराकडे बघितलं. मग रंगमंचाकडे. मग परत दोराकडे. एका माणसाला दोन ठिकाणी उभं राहता येत नाही, एवढं साधं होतं ते. शेवटी तो बॅगेवर बसला, जाहिरातीचा कागद उलटा केला आणि पेन्सिल मागितली.

‘तिमूर, तुझ्या सगळ्या उड्या गेल्या. तू मधे उभा राहायचंस. रुबाबात. उचलायचं तेव्हा उचल, बाकी हलू नकोस. रिम्मा, त्याच्या भोवतीचं मोठं वर्तुळ तू घे. धावत.’

‘ते राजपुत्राचं वर्तुळ आहे,’ रिम्मा म्हणाली.

‘आज राजकन्येचं. जमेल?’

ती त्याच्याकडे बघत राहिली, वेळ नसताना. मग म्हणाली, ‘जमेल.’

दिवे ल्यूबाने घेतले. ‘बारा टनांचं यंत्र चालवते मी, हे तर दिवे.’ वादिकने एका हाताने दोर धरला, दुसरा टेपवर. विंगेत वारं असं येत होतं की त्याने कोट काढून आत स्वेटर घातला आणि वरून पुन्हा कोट. कमरेला फुगलेला राजपुत्र.

आणि मग राजपुत्र-राजकन्येचा तो जोडीचा मोठा नाच. तिमूर मधे उभा, छाती काढून, काही न करता. रिम्मा त्याच्याभोवती धावतेय, उडतेय, वळतेय, परत धावतेय. तिसऱ्या फेरीला मागच्या रांगेतून एक बाई मोठ्याने म्हणाली, ‘अगदी आमच्या घरासारखं!’ सगळं सभागृह हसून फुटलं. मला वाटलं, संपलं, पडला खेळ. पण हसता हसता त्या बायकांनी ताल धरला. टाळ्या वाजवत त्यांनी रिम्माला आणखी दोन फेऱ्या पळवलं. वादिकने टेप मागे फिरवून तेच संगीत पुन्हा लावलं, डोळे मिटून करावं तसं सहज. नाट्यगृहात असं काही झालेलं मी ऐकलेलं नाही.

पडदा त्याने सात वेळा उघडला. अक्षर येत नसलं तरी मोजता येतं मला. सातव्या वेळी दोर सोडून माझ्याकडे आला. घामाने निथळत होता, जणू तोच नाचला.

‘आजी, बघितलंस? त्यांनी टाळी धरली तेव्हा मी टेप फिरवली! बघितलंस ना?’

‘बघितलं. गुडघा?’

‘कुठला गुडघा?’ म्हणाला, आणि जिना उतरून बायकांना फुलं द्यायला गेला.

मिमोझाच्या पिवळ्या फांद्या होत्या, झिनाइदाने मागवलेल्या. ल्यूबाला एक, मला एक, सगळ्यांना एक एक. रिम्माला मात्र आख्खा भारा. उरलेल्या असतील, टाकवल्या नसतील त्याला. रिम्मा, हे काय, पुन्हा थांबलीस?

१२ मार्च

घरी. टेलिफोन दोन दिवस वाजतोय. चारही गावं बोलावतायत, एप्रिलपासून. वादिक आता कागदावर सगळ्यात वर लिहितो: ‘जमिनीला काहीही लावू नये.’ आणि त्याखाली, म्हणे, ‘जमीन बघायला अवदोत्या प्रोखोरोव्ना येतील.’ कंबर घेऊन.

सकाळी नाट्यगृहातूनही फोन आला. शरदात परत येणार का, हे विचारायला. मी कणीक मळत होते, हात तसाच थांबला. ‘नाही,’ तो म्हणाला. ‘नाही, धन्यवाद. माझ्याकडे काम आहे.’ ओरडला नाही, भिंतीकडेही बघितलं नाही. ठेवून दिला आणि विचारलं, ‘आजी, खायला काय आहे?’ मी पाठ फिरवून डोळे पुसले. कणकेचा हात लागला डोळ्याला, दुसरं काही नाही.

वही भरत आली, तेव्हा आता नीट ऐक, काय पाठवायचं ते. बस अठरा तारखेला तुमच्याकडून निघते. खारवलेली अळंबी पाठव, पण मोठ्या बरणीत. नाचणाऱ्या मुली काही खात नाहीत असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते त्यांनी आरशासमोर सांगितलेलं असतं. माझ्या ताटासमोर नाही. आंबवलेली कोबी बादलीभर, वर गाजर. ईस्टरआधीचा मोठा उपवास लागेल तोवर, त्यात मांस-चरबी चालत नाही, हे मला ठाऊक आहे. उपवास मी करीन, त्यांचं मी देवाशी बोलून घेते. आणि डुकराची खारवलेली चरबी. दरवर्षी तू वादिकसाठी म्हणून वेगळी सुकी सफरचंदं पाठवतेस, ती यंदा नकोत. बारा वर्षं तो सफरचंदाच्या फोडी मोजून खात आला. परवा बसमध्ये त्याने ल्यूबाने दिलेली चरबी काळ्या पावावर ठेवून खाल्ली, मग आणखी एक घेतली आणि बोटं चाटली. म्हणून तुकडा चांगला जाड काप, लसूण आखडता हात न घेता चोळ, आणि कातडी काढू नकोस, त्याला चावायला आवडते.